नॉर्मविना ग्रँडमास्टर

२८ जुलै २०२५. जॉर्जियात, काळ्या समुद्राकाठच्या बटुमी शहरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना टायब्रेकपर्यंत येऊन ठेपला होता. पटाच्या एका बाजूला कोनेरू हंपी, वय ३८; दुसऱ्या बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५चा आणि हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली. एकीचा किताब दुसरीच्या वयापेक्षा तीन वर्षांनी थोरला होता. दोन दिवसांचे दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या जलद डावात काळी मोहरी दिव्याकडे आली. घड्याळ संपत आले तशी हंपीची पकड सुटली, दिव्याने संधी सोडली नाही आणि सामना २.५-१.५ असा जिंकला. मग ती आईच्या गळ्यात पडून रडली.

त्या विजयाने तिला विश्वचषक मिळाला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर. महिलांमध्ये हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि आर. वैशाली यांच्यानंतरची चौथी. बातम्यांत हे सगळे आले. त्याच दिवशी दिव्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र बुद्धिबळाच्या बाहेरच्या लोकांच्या फारशी लक्षात आली नाही. या स्पर्धेला येईपर्यंत तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नव्हता.

ज्या मुलीने जागतिक कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद ११ पैकी १० गुणांनी जिंकले, ऑलिंपियाडमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले, आशियाई विजेतेपद पटकावले, तिला एक नॉर्म का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बुद्धिबळातल्या मुलींची वाट कशी आखलेली आहे, तेही कळते.

सत्तावीस डावांचा हिशेब

ग्रँडमास्टर होण्याच्या नेहमीच्या वाटेवर दोन अटी आहेत. पहिली, जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, यादीत रेटिंग कधीतरी २५००ला पोचले पाहिजे. दुसरी, नॉर्म मिळवले पाहिजेत, तेही किमान सत्तावीस डावांचे. साधारण नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत एक नॉर्म मिळतो, म्हणून लोक ‘तीन नॉर्म’ असेच म्हणतात.

नॉर्म म्हणजे त्या एका स्पर्धेपुरते तुम्ही ग्रँडमास्टरसारखे खेळलात, याचा दाखला. त्यासाठी त्या स्पर्धेतली तुमची कामगिरी २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी व्हावी लागते. तेवढ्यावर भागत नाही. समोर कोण बसले होते, तेही पाहिले जाते. प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान तिघे स्वतः ग्रँडमास्टर हवेत, निम्मे तरी किताबधारी हवेत, काही परदेशी हवेत आणि सगळ्यांच्या रेटिंगची सरासरी २३८०च्या खाली असता कामा नये. दुबळ्या मैदानात नऊपैकी नऊ डाव जिंकले तरी नॉर्मचा कागद हाती पडत नाही.

मुलींची अडचण नेमकी इथे होते. जगात ग्रँडमास्टर किताब मिळवलेल्या महिला पन्नासहूनही कमी आहेत. त्यामुळे महिलांच्या स्पर्धेत नऊ फेऱ्यांत तीन ग्रँडमास्टर समोर येणे आणि सरासरी २३८०च्या वर राहणे, असा योग क्वचित जुळतो. मुलींच्या गटात दणदणीत जिंकत राहा. करंडक येतील, पदके येतील, पण नॉर्म येणार नाही. नॉर्म हवा असेल तर खुल्या गटात उतरून पुरुष ग्रँडमास्टरांशी खेळावे लागते, आणि असे खेळाडू जिथे जमतात त्या युरोपातल्या स्पर्धांना जावे लागते. बुडापेस्टची ‘फर्स्ट सॅटर्डे’ स्पर्धा याच कारणाने वर्षानुवर्षे भारतीय मुलामुलींच्या ओळखीची आहे. तिकडे कोणी पर्यटनाला जात नाही, नॉर्मसाठी जातात.

नियमांत एक आडवाट आहे. काही मोजक्या स्पर्धा जिंकल्या की फिडे किताब थेट देते. महिला विश्वचषक ही त्यांपैकी एक. दिव्या त्या वाटेने ग्रँडमास्टर झाली. ही सवलत वाटेल त्यांनी बटुमीत तिच्या वाटेला कोण कोण आले ते पाहावे. तिकडे आपण येऊच.

बॅडमिंटनच्या कोर्टाबाहेर

दिव्याचे आईवडील, डॉ. नम्रता आणि डॉ. जितेंद्र देशमुख, दोघेही नागपुरात डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन शिकायला जाई, पाच वर्षांची दिव्या तिच्यामागे जाई. रॅकेट धरण्याएवढी ती मोठी नव्हती. जवळच बुद्धिबळाचा वर्ग होता, तिथे तिला बसवले. एवढीच सुरुवात. घरात बुद्धिबळाची गादी नव्हती की कोणी आधीपासून आखलेला बेत नव्हता.

नागपूरचे राहुल जोशी तिचे पहिले प्रशिक्षक. २०१२ मध्ये सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद तिने मिळवले, तेव्हा तिला खेळायला लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद तिने जिंकले. जोशी सरांचे २०२० मध्ये अकाली निधन झाले. विश्वचषक घेऊन नागपूरला परतल्यावर विमानतळावर तिने त्यांचीच आठवण काढली. दिव्या ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. ती झाली तेव्हा सर नव्हते.

पुढच्या टप्प्यावर तिने चेन्नईच्या आर. बी. रमेश यांच्याकडे धडे घेतले. प्रज्ञानंद आणि वैशाली ही भावंडे ज्यांच्या हाताखाली तयार झाली, तेच हे रमेश. महाराष्ट्रातला खेळाडू एका पातळीनंतर चेन्नईकडे वळतो, यात आता कोणाला नवल वाटत नाही. विश्वनाथन आनंद यांच्यानंतर तिथे प्रशिक्षकांची आणि सराव करणाऱ्यांची जी दाट वस्ती झाली, ती इतरत्र क्वचितच आहे. तरी विदर्भाचा पटही रिकामा नाही. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघे ग्रँडमास्टर नागपूरचेच. एका शहरात दोन-तीन मुले जवळपास एकाच काळात वर आली की प्रत्येकाला सरावाला तोडीचे माणूस मिळते. एकट्याने पुस्तकातून आणि संगणकावरून जे साधत नाही, ते त्यातून साधते.

जसजसे वर जावे

बुद्धिबळातल्या कारकिर्दीचा मासिक हिशेब म्हणजे रेटिंग. त्याचे गणित समजायला सोपे आणि सोसायला कठीण आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून प्रत्येकाकडून किती गुणांची अपेक्षा धरायची ते ठरते. दोघे समसमान असतील तर अपेक्षा अर्ध्या गुणाची. फरक २०० असेल तर वरच्याकडून साधारण पाऊण गुणाची. प्रत्यक्ष मिळालेला गुण आणि अपेक्षित गुण यांतल्या फरकाला एका अंकाने गुणायचे आणि येईल ते रेटिंगमध्ये मिळवायचे किंवा वजा करायचे.

सगळी गोम त्या अंकात आहे. अठरा वर्षांखालच्या, २३००च्या आतल्या खेळाडूसाठी तो ४० असतो. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले की वीस गुण खात्यावर जमा. एकदा २४०० गाठले की तो अंक कायमचा १० होतो. आता तसाच विजय पाच गुण देतो. आणि दोनशे गुणांनी खालच्याशी नुसती बरोबरी झाली तरी अडीच गुण हातचे जातात. लहानपणी उड्या मारत चढलेला जिना वर गेल्यावर एकेक इंचाचा होतो. त्यातून भारतात असे शेकडो चिमुरडे आहेत ज्यांचा खेळ रेटिंगच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. खुल्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत समोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा कागदावर सोपा दिसतो आणि पटावर घाम काढतो.

म्हणूनच किशोरवयात चमकलेली बरीच मुले २४००च्या आसपास येऊन अडकतात. दिव्या २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर झाली, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर झाली, आणि मग तिचेही रेटिंग २५००च्या अलीकडेपलीकडे घुटमळत राहिले.

एका पटाच्या दोन शिड्या

‘महिला ग्रँडमास्टर’ आणि ‘ग्रँडमास्टर’ हे दोन वेगळे किताब आहेत, हे वर्तमानपत्रांतही पुष्कळदा विसरले जाते. ग्रँडमास्टर हा किताब स्त्रीपुरुष दोघांना एकाच मापाने मिळतो. महिला ग्रँडमास्टर हा फक्त महिलांसाठी असलेला किताब आहे. त्याला रेटिंग २३०० लागते आणि नॉर्मसाठी कामगिरी २४००ची. म्हणजे दोन्ही ठिकाणी दोनशे गुण कमी. इंटरनॅशनल मास्टर हा सर्वांसाठीचा किताबही त्याहून वरचा आहे, कारण त्याला २४०० रेटिंग लागते. म्हणून दिव्या आधी महिला ग्रँडमास्टर आणि दोन वर्षांनी इंटरनॅशनल मास्टर झाली, हा क्रम उलटा नाही, बरोबरच आहे.

ही वेगळी शिडी असावी की नसावी, यावर जगभर वाद आहे. हंगेरीच्या ज्यूडिट पोल्गरने तो कृतीने निकालात काढला. महिलांच्या जगज्जेतेपदासाठी ती कधी खेळलीच नाही. १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, पुढे तिचे रेटिंग २७३५ला पोचले आणि जगातल्या पहिल्या दहांत तिचे नाव लागले. खालची शिडी ठेवली की मुली खालीच बघतात, असे या बाजूचे म्हणणे.

दुसरी बाजूही पोकळ नाही. स्पर्धात्मक बुद्धिबळात मुलांच्या मानाने मुली फार थोड्या उतरतात, आणि उतरलेल्यांपैकी बऱ्याच दहावी-बारावीच्या सुमारास थांबतात. महिलांच्या स्पर्धा नसत्या तर ज्या काही टिकल्या त्यांना बक्षिसाची रक्कम, नोकरी, देशाच्या संघातली जागा यांतले काय मिळाले असते? दिव्याचीच कारकीर्द पाहा. २०२२ आणि २०२३ मध्ये तिने महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्यांपैकी दुसरे कोल्हापुरात. २०२३ मध्येच अल्माटीला आशियाई महिला अजिंक्यपद. त्याच वर्षी कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत तेव्हाची जगज्जेती जू वेनजुन मैदानात असताना दिव्या जलद प्रकारात पहिली आली. या स्पर्धांनी तिला नॉर्म दिला नाही. मोठ्या खेळाडूसमोर बसल्यावर हात थरथरू नयेत, ही सवय मात्र दिली. बटुमीत ती कामाला आली.

१९७६चे दार

खुल्या गटात मुलींनी खेळावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. भारतात तो पहिल्यांदा धसास लागला तोच एका मुंबईकर मराठी घरामुळे.

‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वासंतीने मिळवले. पुढे दशकभर ते अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घराबाहेर जवळजवळ गेलेच नाही. जयश्री भारताच्या पहिल्या महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या.

१९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अशी ती पहिलीच मुलगी. त्यावरून गदारोळ उठला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून महिलांना वगळता येणार नाही. आज कोणतीही भारतीय मुलगी खुल्या गटाचा अर्ज भरते तेव्हा तिला कोणी अडवत नाही, त्यामागे त्या वादाचाही हात आहे.

त्यानंतर महाराष्ट्राने एकामागून एक चांगल्या खेळाडू दिल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. पुण्याची सौम्या स्वामीनाथन २००९ मध्ये मुलींच्या कनिष्ठ गटात जगज्जेती झाली. पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, तेच अजिंक्यपद दिव्याने गांधीनगरला जिंकले. सुरुवातीला सांगितलेले ११ पैकी १० गुण तिथलेच. पण या सगळ्या पिढ्यांत महाराष्ट्रातली एकही खेळाडू ‘ग्रँडमास्टर’ या किताबापर्यंत पोचली नव्हती. देशातही हंपीनंतर हरिकाला २०११ उजाडले आणि हरिकानंतर वैशालीला २०२३. वैशालीने मात्र नेहमीची वाट पुरी चालून दाखवली. नॉर्मही मिळवले आणि २५००चा उंबरठाही स्पेनमधल्या एका खुल्या स्पर्धेत ओलांडला.

पटावर काय, आणि पटाबाहेर काय

जानेवारी २०२४ मध्ये दिव्या नेदरलँड्समधल्या वाइक आन झे गावी टाटा स्टीलच्या चॅलेंजर्स गटात खेळली. मैदान खुले, समोर बहुतेक पुरुष ग्रँडमास्टर. तिथून आल्यावर तिने समाजमाध्यमावर एक खरमरीत मजकूर लिहिला. आपले काही डाव चांगले झाले, त्यांचा अभिमान वाटतो. पण बघणाऱ्यांचे लक्ष डावांकडे नव्हते, कपडे, केस, बोलण्याची ढब असल्या गोष्टींकडे होते, असा त्याचा मथितार्थ. पुरुष खेळाडूची मुलाखत होते तेव्हा त्याच्या खेळाबद्दल बोलले जाते, बाईच्या वेळी बाकी सगळ्याबद्दल. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. खेळाडूंनी असल्या गोष्टी गिळून टाकायच्या, असा अलिखित दंडक आहे. तिने तो मोडला. इतर खेळाडूंनीही तिला दुजोरा दिला.

त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टला ऑलिंपियाड झाले. भारतीय महिला संघात हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव. कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. भारताने खुल्या आणि महिला, दोन्ही विभागांत प्रथमच सुवर्ण मिळवले. तिसऱ्या पटावर दिव्या अकरा डाव खेळली, एकही हरली नाही, आणि साडेनऊ गुणांसह वैयक्तिक सुवर्णही घेऊन आली. नॉर्मचे खाते तरीही कोरेच. महिला विभागात समोर येणाऱ्या बहुतेक जणी ग्रँडमास्टर नसतात, हे पुन्हा आडवे आले.

बटुमीचे तीन आठवडे

विश्वचषक ही बाद पद्धतीची स्पर्धा. १०७ खेळाडू. प्रत्येक फेरीत दोन पारंपरिक डाव, बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक. आधी जलद डाव, मग आणखी जलद. हरलेली घरी जाते, जिंकलेलीला लगेच दुसरी प्रतिस्पर्धी. साखळी स्पर्धेत एखादा दिवस वाईट गेला तर उद्या भरून काढता येतो. इथे तो ‘उद्या’ नसतो.

जागाही साधी नव्हे. १९६२ ते १९९१ अशी सलग एकोणतीस वर्षे महिलांचे जगज्जेतेपद जॉर्जियाकडे होते, आधी नोना गाप्रिंदाश्विली आणि मग माया चिबुर्दानित्झे यांच्या रूपाने. ग्रँडमास्टर किताब मिळालेली जगातली पहिली महिला म्हणजे याच नोना, १९७८ साली.

दिव्याला पंधरावे मानांकन होते. चौथ्या फेरीत तिच्यासमोर दुसरे मानांकन असलेली चीनची झू जिनेर आली. टायब्रेकमध्ये दिव्याने तिला बाहेर काढले. उपांत्यपूर्व फेरीत हरिका, जी दिव्याच्या लहानपणापासून भारतीय संघात होती आणि बुडापेस्टला तिच्याबरोबर खेळली होती. पारंपरिक डावांत निकाल लागला नाही. दिव्याने दोन्ही जलद डाव जिंकले. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत. दुसरा १०१ चालींचा. पटावर फार काही उरलेले नसताना, तासन्‌तास, प्रतिस्पर्ध्याची एखादी चूक होण्याची वाट पाहत आणि स्वतः ती न करता तो डाव तिने जिंकला. त्या विजयाने, जगज्जेतीला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतली जागा नक्की झाली. मग हंपी.

अंतिम सामना दोन भारतीयांत झाला, ही त्या दिवशीची मोठी बातमी होतीच. उपांत्यपूर्व फेरीत तर आठपैकी चार भारतीय होत्या. पण त्या पटावर भारतीय महिला बुद्धिबळाच्या दोन पिढ्या समोरासमोर होत्या, हे अधिक महत्त्वाचे. हंपी ग्रँडमास्टर झाली तेव्हा हा किताब मिळवलेली दुसरी मुलगी देशात नव्हती. लग्न झाले, मुलगी झाली, मधली दोन वर्षे ती खेळापासून दूर राहिली, परत आली आणि २०१९ व २०२४ मध्ये जलद प्रकाराची जगज्जेती झाली. अशा खेळाडूला हरवून दिव्या ग्रँडमास्टर झाली. २६०० कामगिरीचा कागद तिच्या फायलीत नव्हता. पण वाटेत चार ग्रँडमास्टर महिला होत्या, त्यांत एक माजी जगज्जेती आणि एक चीनची दुसरे मानांकन असलेली खेळाडू, आणि त्यांपैकी एकीविरुद्ध जरी सामना गमावला असता तरी परतीचे तिकीट हातात होते. याला आडवाट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

रकमेतला फरक

बटुमीच्या विजेतीला ५० हजार डॉलर मिळाले. महाराष्ट्र शासनाने दिव्याला तीन कोटी रुपये जाहीर केले, नागपुरात जाहीर सत्कार झाला. हे योग्यच झाले. पण शिखरावर पोचल्यावर मिळणारा पैसा आणि चढताना लागणारा पैसा यांची गाठ पडत नाही. युरोपातल्या स्पर्धांचा प्रवास, मुलगी लहान असेल तर सोबतीला आई किंवा वडील, राहणे-जेवणे, प्रशिक्षकांचे तास, संगणक आणि त्यावरची विश्लेषणाची साधने, शाळेत बुडालेले दिवस. हे सगळे पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आत करावे लागते, जेव्हा बक्षीस म्हणून बहुधा करंडकच मिळत असतो. डॉक्टर आईवडिलांना ते झेपले. इचलकरंजीच्या किंवा गोंदियाच्या एखाद्या हुशार मुलीच्या घरी ते झेपेलच असे नाही. आणि दोन मुलांपैकी एकावरच खर्च करणे शक्य असेल तेव्हा तो कोणावर होतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

समरकंद आणि गोवा

विश्वचषकानंतर दिव्याने काय केले, ते मला त्या विजयाइतकेच महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा होती. महिलांचा वेगळा विभाग होता आणि त्यात ती पहिल्या काही नावांत सहज शोभली असती. तिने खुल्या विभागात खेळायचे ठरवले. जवळजवळ प्रत्येक फेरीत समोर तिच्यापेक्षा पुष्कळ वरचा खेळाडू होता. जगज्जेत्या गुकेशबरोबरचा तिचा डाव बरोबरीत सुटला. महिला विभागाचे विजेतेपद वैशालीने घेतले.

नोव्हेंबरात गोव्यात फिडेचा विश्वचषक भरला, यजमान भारत. २०६ खेळाडू, आणि त्यांत महिला एकच, दिव्या. तिला खास प्रवेश मिळाला होता. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून ती ०-२ अशी हरली. तीन महिन्यांपूर्वीच्या विश्वचषक विजेतीला पहिल्या फेरीत घरी जावे लागले, यावर काही जणांनी नाके मुरडली.

मला त्या ०-२चे वाईट वाटत नाही. खुल्या गटात हरणे हा शिकण्याचा सर्वांत महागडा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दिव्याच्या वयाची मुले तो बाराव्या वर्षापासून रोज चालतात. मला खटकतो तो दुसरा आकडा, २०६ मध्ये एक. १९७६ मध्ये वाद होता तो मुलींसाठी दार उघडायचे की नाही, याचा. तो निकाली निघून एकोणपन्नास वर्षे झाली होती, आणि आपल्याच देशात, गोव्यात, त्या दारातून आत आलेली एकच मुलगी होती. दाराला आता कुलूप नाही. त्या दारापर्यंत मुलींना आणून सोडणारे कमी पडताहेत.

महिलांच्या स्पर्धा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. दिव्याला त्यांनी घडवले, हे वर सांगितलेच. पण त्या वाटेवरचा मुक्काम आहेत, वाटेचा शेवट नव्हेत. दहा वर्षांच्या मुलीला मुलींच्या गटात करंडक हमखास मिळतो म्हणून वर्षानुवर्षे तिथेच खेळवत राहणे सोयीचे असते; आईवडिलांना, प्रशिक्षकांना, क्लबलाही. त्याची किंमत ती वीस वर्षांची झाल्यावर कळते, जेव्हा कपाट करंडकांनी भरलेले असते आणि नॉर्मची फाईल रिकामी असते. दिव्यावरही ती वेळ आली होती. बटुमीचे ते तीन आठवडे तिने कमावले, पण तशी स्पर्धा दोन वर्षांतून एकदा येते आणि जिंकते एकच.

तेव्हा तुमच्या घरात पटावर रमणारी मुलगी असेल, तर पुढच्या रविवारी जिल्हा स्पर्धेचा अर्ज भरताना एवढे करा. ‘मुली’ आणि ‘खुला’ असे दोन रकाने असतील, तर खुल्यावर खूण करा. ती हरली तर घरी येताना तिला त्या डावाबद्दल विचारा. किती गुण झाले, ते नंतर.